रिकाम्या वर्गातली हजेरी

आदरणीय वत्सलाबाई ढगे यांच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी मी लिहावं, असं संपादक मंडळानं कळवलं, तेव्हा दोन दिवस मी उत्तरच पाठवलं नाही. गौरवलेख पहिल्या भेटीपासून सुरू करायचा असतो, आणि आमची पहिली भेट अशी होती की ती मी घरच्यांखेरीज कुणाला नीट सांगितलेली नाही. शिवाय पुढच्या हकिगतीत माझा एक गुन्हा आहे. तो वगळून बाईंबद्दल लिहिणं म्हणजे त्यांनाच वगळणं झालं असतं. शेवटी त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "लिहा ना. फक्त गावाचं नाव टाकू नका. थे लेकरं आता मोठे झाले, त्याईचे संसार हायेत." म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. समुद्रपूर तालुका, एसटीच्या फाट्यापासून दोन किलोमीटर आत, चहूकडे कपाशी, एवढं वाचकांना पुरे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी पहिलीच नेमणूक. वर्ध्याहून सकाळी निघालो होतो, पण पंचायत समितीत ज्या बाबूंकडे माझ्या आदेशाची प्रत होती ते जेवायला गेले ते गेलेच. प्रत हातात पडली तेव्हा तीन वाजून गेले होते. एसटी फाट्यावर सोडून निघून गेली आणि मी पत्र्याची पेटी नि एक पिशवी घेऊन चालायला लागलो. नोव्हेंबर सरत आलेला, सव्वापाचलाच ऊन पिवळं पडलेलं. सगळं गाव वेचणीला गेलेलं. रस्त्यावर एक कुत्रं सोडलं तर कुणी नाही. शाळा गावाबाहेर, कडुनिंबांच्या सावलीत. दोन खोल्या नव्या, स्लॅबच्या. दोन जुन्या, कवेलूंच्या, म्हणजे कौलारू. समोर लांब व्हरांडा. फाटकाशी आलो आणि आतून हजेरी घेतल्याचा आवाज ऐकू आला. मला हायसं वाटलं. शाळा सुटलेली नाही, म्हणजे आजच्याच तारखेला रुजू होता येईल, असा माझा अंदाज.

आवाज बाईमाणसाचा होता, स्पष्ट आणि बिनघाईचा. "मनोहर किसन." मग थोडा वेळ काहीच नाही. "वंदना महादेव." पुन्हा काही नाही. मी व्हरांड्यात चढलो तोवर काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं होतं. तीस-पस्तीस पोरांच्या वर्गातून साधा खोकलासुद्धा येत नाही, असं कुठे असतं? खिडकीतून आत पाहिलं. बसायच्या टाटपट्ट्या गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेल्या. खोली झाडलेली, फळा पुसलेला. टेबलाशी चाळिशी ओलांडलेल्या एक बाई हजेरीपट घेऊन उभ्या. त्या नाव घेत, मान वर करत, जमिनीवरच्या एका ठरावीक जागेकडे बघत, कान देऊन थांबत आणि मग बोट पुढच्या नावावर नेत. प्रत्येक नावाची जागा वेगळी होती.  पिशवी हातातून सुटली आणि आतला पितळी डबा फरशीवर घरंगळत गेला. बाईंनी वळून पाहिलं नाही. नुसतं एक बोट वर केलं, थांबा म्हणून. उरलेली नावं संपवली, "गेले सगळे," असं स्वतःशीच म्हणाल्या, दार ओढून कुलूप लावलं आणि मग माझ्याकडे वळल्या. "नवीन गुरुजी का? डबा चेपला का पाहा. आन् जेवले का नाई?"

अशी आमची ओळख झाली. मी नमस्कार केला. किती घाबरलो होतो ते त्यांना दिसलं असणारच. पुढे कितीतरी वर्षं त्यांनी माझी अनेक गोष्टींवरून थट्टा केली, पण त्या संध्याकाळचा विषय कधी काढला नाही.

मला राहायला खोली मिळाली ती गुलाबरावांच्या किराणा दुकानामागे. गुलाबराव शाळेच्या समितीत होते, बाईंना मानणारे होते, तरी दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाई चांगल्या हायेत, पोराईले जीव लावतात. पण पाच वाजल्यावर थ्या खोलीत काय करून राह्यल्या, थे मले इचारू नका. तुमी आपले पाचाच्या आंदर निंगत जाजा." त्या भागात एक समज आहे. तिन्हीसांजेला नावानं हाक आली आणि हाक मारणारा दिसत नसला, तर ओ द्यायची नाही. दिली की तो माणूस गेलाच म्हणून समजायचं. आया लेकरांना हे अगदी लहानपणापासून बजावतात. आणि इथे मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका वत्सलाबाईच, रोज उन्हं उतरताना रिकाम्या खोल्यांमध्ये गावातल्या लेकरांची नावं मोठ्यानं घेत होत्या. दोघीतिघी आया तक्रार घेऊन आल्याही होत्या. बाईंनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं की बाहेर कुणी हाक मारली तर तुमचंच खरं, पण शाळेत नाव घेतलं की ओ द्यायची, मग नाव कुणीही घेवो.

पोरांकडून त्यांनी हे घोटून घेतलं होतं. शनिवारी कवायत झाली की त्या पोरांना लपायला सांगत. कपाटामागे, दारामागे, झाडामागे, पाण्याच्या टाकीमागे. मग मैदानाच्या मधोमध उभ्या राहून एकेक नाव घेत. लपलेल्यानं जागा सोडायची नाही, फक्त "हजर" म्हणायचं. पोरांना तो खेळ वाटे. मी तो पहिल्यांदा पाहिला. भर सकाळचं मोकळं मैदान, एकही मूल दिसत नाही आणि भिंतींतून, झाडांतून "हजर, हजर" येतंय. मी उगाचच खडूची पेटी आणायला आत निघून गेलो.

पहिला आठवडा मी गुलाबरावांचा सल्ला पाळला. एक दिवस डोकं दुखलं, एक दिवस टपाल टाकायचं होतं.  आठव्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी मला व्हरांड्यात बसवलं आणि सांगितलं. आधी त्या सेलूकडच्या एका मोठ्या शाळेत होत्या. शनिवारची सकाळची शाळा. दुसरीतली एक मुलगी, पाटी फुटली म्हणून घरी मार बसेल या भीतीनं, भिंतीला टेकवलेल्या फळ्यामागे जाऊन बसली. चपराशी कुलूप लावायला आला. त्यानं कामात काही कसूर केली नाही. दारात उभं राहून विचारलं, कोणी हाये का रे? उत्तर आलं नाही. त्यानं कुलूप लावलं. पुढचे दोन दिवस गाव त्या मुलीला विहिरींत, नाल्यात, बाजारात शोधत राहिलं. वस्तीपासून लांब असलेल्या शाळेकडे कुणी फिरकलं नाही, कारण शाळेला तर कुलूप होतं. सोमवारी सकाळी ते कुलूप बाईंनीच उघडलं.

मुलगी जिवंत होती. पण दाराच्या आतल्या बाजूला, तिचा हात पोचेल तेवढ्या उंचीपर्यंत, लाकडावर नखांचे ओरखडे होते. ते दार पुढे रंगवलं तरी ओरखडे दिसायचेच, असं बाई म्हणाल्या. मुलगी बरी झाल्यावर त्यांनी तिला विचारलं, चपराशानं आवाज दिला तेव्हा तू बोलली काऊन नाहीस? तिचं उत्तर बाईंनी मला तिच्याच शब्दांत सांगितलं. "मले कोणी आवाजच नाई देल्ला, बाई. थो म्हणे, कोणी हाये का. मायं नाव कुठी घेतलं त्यानं?"

हे सांगून बाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "तवापासून मी 'कोणी हाये का' म्हणत नाई, गुरुजी. नाव घेते." त्या दिवसापासून मीही पाचनंतर थांबायला लागलो. माझी भीती गेली होती असं कृपा करून समजू नका. रिकाम्या खोलीत नाव उच्चारल्यानंतरची ती शांतता रोज नव्यानं अंगावर येई आणि रोज वाटे, आज कुणी बोललं तर?

हल्ली शाळासुरक्षेची परिपत्रकं येतात, त्यांची फाइल तयार होते, फाइलीला दोरी बांधली जाते आणि दोरीची गाठ सुरक्षित राहते. केंद्रप्रमुख म्हणून मी स्वतः अशा गाठी बांधल्या आहेत, तेव्हा हे अधिकारानं सांगतो. बाईंच्या काळी त्यांना कुणी परिपत्रक पाठवलं नव्हतं. तरी त्यांनी शाळेच्या कडेच्या पडक्या विहिरीवर गावाकडून लोखंडी जाळी बसवून घेतली. वर्गांची दारं बाहेर उघडतील अशी फिरवली. बाहेर कुलपाचा कोयंडा तेवढा ठेवून कड्या काढून टाकल्या आणि आतल्या कड्या पहिलीच्या पोराचा हात पोचेल एवढ्या खाली आणल्या. सुतार हसला. त्याला त्यांनी गुडघ्यावर बसवून कडी काढायला लावली आणि विचारलं, आता पोचते ना? फाटकाशी एक वही ठेवली होती. येणाऱ्यानं नाव, गाव, काम लिहायचं. एकदा तपासणीला विस्तार अधिकारी आले. वहीपाशी बसलेल्या चौथीतल्या मुलीनं त्यांनाही थांबवून कोणाकडे आले म्हणून विचारलं. साहेब तापले. बाई धावत आल्या, हात जोडले, आत चला म्हणाल्या आणि आत नेण्याआधी वही पुढे केली. साहेबांनी सही केली. ती एवढी मोठी होती की खालच्या दोन ओळी गेल्या.

त्या वहीनं एक गोष्ट अशी पाहिली की तिचा उलगडा मला आजवर झालेला नाही. पावसाळा संपता संपता, दुपारी दोनच्या सुमारास, एक माणूस आला. कपडे स्वच्छ, बोलणं गोड. तिसरीतल्या एका मुलीचं पूर्ण नाव त्यानं घेतलं. मी तिचा मामा, तिच्या आईची तब्येत बिघडली, न्यायला आलो म्हणाला. मी मुलीला हाक मारणारच होतो. बाईंनी मला डोळ्यांनी थांबवलं, त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "घरी तिले काय म्हणून आवाज देता?" तो हसला.  पाण्याचा गिलास तसाच खाली ठेवला आणि चालत फाटकाबाहेर गेला. मुलीला मामाच नव्हता, हे संध्याकाळी कळलं. तिची आई धडधाकट होती. बाईंनी पोलीस पाटलांना कळवलं, आम्ही गावभर विचारलं. त्या वेळेला एसटी नव्हती, फाट्यावरच्या टपरीवाल्यानं कुणाला उतरताना पाहिलं नव्हतं, शेतातल्या बायांनी कुणाला जाताना पाहिलं नव्हतं. वहीत त्यानं नाव लिहिलं होतं. बाईंनी ते मला दाखवलं. त्यानं त्या मुलीचंच नाव लिहिलं होतं. त्यानंतर शाळेत प्रत्येक मुलाचं घरचं नाव एका वेगळ्या वहीत लिहिलं गेलं आणि ती वही बाई आपल्या पिशवीतून घरी नेत.

त्यांच्या मायेबद्दल बोलायचं तर एकच सांगतो. त्या वर्षी मला मलेरियानं धरलं. बाई रोज संध्याकाळी सगळ्या खोल्यांची हजेरी संपवून माझ्या खोलीच्या दाराशी येत. लगेच आत येत नसत. बाहेरून माझं पूर्ण नाव घेत आणि थांबत. तापात ती हाक फार लांबून आल्यासारखी वाटे, आणि गुलाबरावांच्या घरच्यांनी मला बजावलं होतं की ओ देऊ नका. पण मी ओ देत असे. मग त्या आत येत, पेजेचा डबा ठेवत, गोळी घेतली का विचारत आणि जात. डॉक्टरांच्या गोळ्यांनी मी बरा झालो हे खरं. पण रोज पाच वाजून गेले की मी त्या हाकेची वाट बघत पडून राही, हेही खरं.

आता माझा गुन्हा. शाळेत किती शिक्षक, हे पटावर किती पोरं त्यावर ठरतं. आमच्या शाळेत तिसरा शिक्षक मी, आणि पट जेमतेम काठावर. माझ्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर चार पोरं गाव सोडून गेली. त्यांचे आईबाप जिल्ह्याबाहेर वीटभट्टीवर कामाला गेले होते. नावं कापली असती तर पट घसरला असता आणि माझं पद गेलं असतं. मी नावं ठेवली. नुसती ठेवली नाहीत, रोज सकाळी त्यांच्यापुढे हजर मांडत गेलो. असं करणारा मी एकटाच नव्हतो, पण हा काही बचाव नव्हे. चौघंही माझ्या दुसरीच्या वर्गातली. त्यांत एक मुलगी होती, दुर्गा शंकर. मीच तिला आईबापांबरोबर फाट्यावर एसटीत चढताना पाहिलं होतं.

बाई रोज संध्याकाळी रिकाम्या वर्गात ती चार नावंही घेत. त्या नावांनंतर जरा जास्त थांबत. मी खिडकीबाहेर बघे. दोन महिने हे चाललं. एक शब्द नाही, टोमणा नाही, फक्त ती चार नावं आणि त्यामागची शांतता. मला त्या चौघांची स्वप्नं पडायला लागली. स्वप्नात ती ओळीनं बसलेली असत आणि मी नाव घेतलं की माझ्याकडे नुसती बघत.

जानेवारीत जुन्या दोन खोल्यांपैकी एक पाडायचं ठरलं. काळ्या मातीनं पाया सोडला होता आणि मागच्या भिंतीला पोट आलं होतं. दिवाळीपर्यंत दुसरीचा वर्ग तिथेच बसायचा. नंतर बाईंनी तो नव्या खोलीत हलवला आणि जुन्या खोलीला कुलूप घातलं. मिस्त्रींनी कवेलू आणि छपराचे लाकडी फाटे दोन दिवस आधीच उतरवले होते. भिंत ओढायचं काम शाळा सुटल्यावरच करायचं, अशी बाईंची अट होती. त्या संध्याकाळी मिस्त्री तीन माणसं घेऊन आले, मागच्या भिंतीला दोर बांधले, भिंत आत पाडायची म्हणून ते खोलीवरून समोर आणले आणि दिवस मावळायच्या आत काम उरकायच्या घाईत होते. त्यांनी खिडकीतून डोकावून आवाज दिला, "कोणी हाये का अंदर?" उत्तर आलं नाही. झालं म्हणाले.

बाई म्हणाल्या, थांबा. हजेरी व्हायची आहे. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मलाही त्या दिवशी कंटाळा आला होता. मी म्हटलं की बाई, ही खोली दिवाळीपासून बंद आहे, इथे कशाची हजेरी? "ह्याच खोलीत दुसरी बसत होती," एवढंच म्हणून त्या दुसरीचा पट घेऊन कुलूपबंद दाराशी उभ्या राहिल्या. वर छप्पर नाही, चार भिंती आणि त्यांच्यावर पिवळं आभाळ. त्या नावं घेऊ लागल्या. नाव, शांतता, नाव, शांतता. माणसं दोर धरून हसत होती. ती चार नावं जवळ आली तसा मी त्यांच्याजवळ गेलो आणि हळूच म्हटलं, "बाई, ती चार सोडा. ती इथे नाहीत."

त्यांनी पटावरून मान वर केली. "तुम्ही आज हजर मांडलं ना त्याईले?" मी मान हलवली. "मंग घ्या लागते," त्या म्हणाल्या.

"रमेश तुळशीराम." शांतता. "दुर्गा शंकर." शांतता. त्या नेहमीपेक्षा जास्त थांबल्या. बोट पुढच्या नावावर सरकलं, आणि त्या बंद खोलीतून आवाज आला.

"हजर."

मोठा नव्हता. झोपेतून उठल्यासारखा, घोगरा, लहान मुलीचा. एका माणसानं दोर टाकला आणि हात जोडून मागे मागे सरकू लागला. मिस्त्री पुटपुटले, "ओ देऊ नका कोणी." माझं म्हणाल तर मी खरं तेच लिहितो. मूल आत अडकलंय हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मला वाटलं, दोन महिने मी जिला रोज सकाळी हजर मांडत होतो ती आली. मी लिहून लिहून तिला बोलावलं. 

एकट्या बाईंचा आवाज बदलला नाही. "दुर्गा, बाई हाये. जागेवरून उठू नको. हात वर कर." मग त्यांनी कमरेच्या जुडग्यातली किल्ली काढून कुलूप उघडलं. मागच्या भिंतीला लागून, उभ्या करून ठेवलेल्या चौकटींच्या आड, उघड्या जमिनीवर ती बसली होती. मांडी घातलेली, दप्तर मांडीवर, उजवा हात वर. तिच्या डोक्यावर हातभर अंतरावर भिंतीचं पोट होतं आणि त्या भिंतीच्या पलीकडे दोर बांधलेले होते. बाईंनी तिला कडेकडेनं चालत यायला सांगितलं. ती आली. बाईंनी तिचा हात धरला आणि पट पुन्हा पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "गेले सगळे. ओढा आता." भिंत आत पडली. धूळ खाली बसल्यावर पाहिलं तर मुलीच्या जागेवर कमरेएवढा ढिगारा होता.

झालं होतं ते साधंच होतं. भट्टीचं काम संपून दुर्गाचे आईबाप त्याच दुपारी परतले होते. आईनं तिला शाळेत जायला सांगितलं. ती आली तेव्हा नव्या खोलीतून माझं ओरडणं ऐकू येत होतं. इतक्या दिवसांनी आलो म्हणून गुरुजी मारतील या भीतीनं ती वर्गात शिरली नाही. मागच्या खिडकीचे गज काढलेले होते, तिथून ती आपल्या जुन्या वर्गात गेली, आपल्या जागेवर बसली आणि झोपी गेली. मिस्त्रींचा आवाज तिनं ऐकला होता. "थो माणूस कोणी हाये का म्हणे, मी चूप बसली," ती म्हणाली. "मंग बाईनं नाव घेतलं."

त्या रात्री मी स्वतःची एक समजूत तयार केली. नाव मी ठेवलं म्हणून घेतलं गेलं, म्हणजे माझ्या खोटेपणानंच पोर वाचली. सकाळी बाईंनी पट आणि लाल शाईचा पेन माझ्यापुढे ठेवला आणि उरलेली तीन नावं कापायला सांगितलं, तेव्हा मी ती समजूत बोलून दाखवली. त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "असं मनात आणू नका, गुरुजी. नाव कापलं असतं तर मी थे घेतलं असतं का नाई, हे मले सांगता येत नाई. मले याचीच भीती वाटून राह्यली. आन् तुमचं खोटं मले मालूम होतं. दोन महिने मीच चूप बसली." खरा पट त्यांनी वर कळवला आणि आपली चूकही त्याच पत्रात लिहिली. माझं पद गेलं. सत्र संपल्यावर माझी रवानगी सेलू तालुक्यात झाली. मला राग आला होता, लपवत नाही. निघालो त्या दिवशी बाई फाट्यापर्यंत चालत आल्या. माझा तो चेपलेला पितळी डबा त्यांनी चिवड्यानं भरला होता. एसटी दिसल्यावर म्हणाल्या, "नाव घेतलं का थोडं थांबत जाजा." दुसरा उपदेश त्यांनी मला कधी केला नाही.

त्या जानेवारीनंतर बाई संध्याकाळी कापलेली नावंही घेऊ लागल्या. शाळा सोडून गेलेली, नागपूरला गेलेली, लग्न होऊन गेलेली. दरवर्षी यादी वाढत गेली. दोन-तीन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. हारतुरे झाले, पोरं घरी गेली आणि बाईंनी शेवटची हजेरी घेतली. तास उलटून गेला. त्यात तापानं दगावलेल्या एका मुलाचं नाव होतं. तिथेही त्या तेवढंच थांबल्या, जेवढं इतरांसाठी. मी, गुलाबराव, सगळे व्हरांड्यात कान देऊन उभे होतो. मला अजून सांगता येणार नाही की आम्हाला काय ऐकू यायला हवं होतं. मग त्या म्हणाल्या, "गेले सगळे," आणि कुलूप लावून किल्ली नव्या मुख्याध्यापकांच्या हातात दिली.

दुर्गा आता वर्ध्याला डी.एड. करते. सत्कार समारंभात बाईंच्या विद्यार्थ्यांची हजेरी ती घेणार आहे, पट तिनंच जमवलाय. मी तिला विचारलं की त्या संध्याकाळचं काय आठवतं. भिंत आठवत नाही म्हणाली, दोर आठवत नाहीत. बाई नाव घेऊन थांबल्या होत्या, ते आठवतं.

बाई, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, असं या ग्रंथात प्रत्येक जण लिहील. मीही लिहितो, पण माझी आणखी एक विनंती आहे. इतकी वर्षं तुम्ही आम्हाला नाव घेतलं की ओ द्यायला शिकवलंत. पुढे केव्हातरी, उन्हं उतरताना, एक पट उघडला जाईल आणि दिसत नसलेलं कुणीतरी तुमचं पूर्ण नाव घेऊन थांबेल. तुमची सवय मला माहीत आहे, तुमच्या तोंडून लगेच "हजर" निघेल. तेवढ्या एका वेळी गावातल्या आयांचं ऐका. ओ देऊ नका. आम्ही सगळे इथे व्हरांड्यात उभे आहोत आणि तुमच्या नावापुढे रोज सकाळी, अगदी खरी, हजेरी मांडतो आहोत.